फुलदाणीबाहेरची फुले

सतराव्या शतकात पॅरिसच्या राजाश्रित कला अकादमीने चित्रविषयांची उतरंड लावून टाकली. सर्वांत वर पुराणकथा, धर्म आणि इतिहास. त्याखाली व्यक्तिचित्र, मग प्राणी, मग निसर्गचित्र आणि अगदी तळाशी फळे, फुले, शिंपले. आंद्रे फेलिबियाँने ही मांडणी लिहून ठेवली. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे फ्रान्समधल्या चित्रकाराचे शिक्षण, बक्षिसे, सरकारी खरेदी आणि सालाँ या अधिकृत प्रदर्शनातला मानपान याच हिशेबाने ठरत गेला. ज्याला आयुष्यभर निसर्ग आणि फुलेच रंगवायची होती, त्याच्या वाट्याला या उतरंडीतली तळाची जागा आधीच लिहिलेली होती. क्लोद मोनेने तीच जागा पत्करली. त्याच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, १७ मे १९२७ रोजी, पॅरिसच्या मध्यवस्तीतल्या ओरांजरी या सरकारी वास्तूत त्याचे कुमुदिनींचे चित्रपट्ट लोकांसाठी खुले झाले. दोन मीटर उंच आणि एकत्र धरले तर नव्वद मीटरांहून अधिक लांब. एवढी भिंत एकेकाळी फक्त लढायांसाठी आणि देवदेवतांसाठी राखलेली असे.

मोनेचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. त्याची चित्रे कॅलेंडरांवर, चहाच्या कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर भेटतात, आणि तिथेच गैरसमजाला सुरुवात होते. गोड रंगांचा, निवांत, डोळ्यांना सुखावणारा चित्रकार ही त्याची प्रतिमा इतकी पक्की झाली आहे की त्याच्या कामातला हट्ट, कष्ट आणि धोका कोणाला दिसतच नाही. या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. युरोपीय चित्रकलेत फूल घरात होते आणि निसर्ग बाहेर. मोनेने ही भिंत पाडली. त्याने फूल फुलदाणीतून काढून जमिनीत लावले, मग त्या जमिनीलाच चित्राचा विषय केले आणि शेवटी जमीनही काढून टाकली. ही वाटचाल ध्यानात घेतली, तर त्याची सुरुवातीची बागेतली चित्रे आणि अखेरची जवळजवळ अमूर्त वाटणारी चित्रे एकाच माणसाची का आहेत, हे कळते.

आधी फुलांच्या परंपरेविषयी. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी फुलांची चित्रे वैभवाला नेली. त्यांच्या फुलदाण्यांत वेगवेगळ्या ऋतूंची फुले शेजारी शेजारी उमललेली दिसतात, कारण तो गुच्छ प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नसे. निरनिराळ्या महिन्यांत केलेल्या अभ्यासचित्रांवरून तो चित्रशाळेत रचला जाई. पाकळीवरचा दवबिंदू, पानावरची अळी, गळून पडलेले एखादे दल यांतून आयुष्याच्या क्षणभंगुरतेची आठवण करून दिली जाई. फ्रान्समध्ये पुढे दोन वाटा झाल्या. एक वनस्पतिशास्त्राची, रदूतेचे गुलाब त्या वाटेवरचे. दुसरी व्यापाराची, लियाँ शहरातल्या रेशमी कापडाला नक्षी हवी होती म्हणून तिथल्या कलाशाळेत फुलांचे चित्रण खास शिकवले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉंरी फॉंतँ-लातूरने शांत, करड्या पार्श्वभूमीवर फुले रंगवली आणि इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांवर आपला संसार चालवला. एदुआर माने १८८२-८३ च्या आजारपणात, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, भेटायला येणाऱ्यांनी आणलेल्या फुलांची छोटी छोटी चित्रे करत राहिला. ही चित्रे मला फार मोलाची वाटतात. काचेच्या भांड्यातले पाणी आणि त्यातून दिसणारे देठ इतक्या थोड्या फटकाऱ्यांत क्वचितच कोणी पकडले असतील. तरी ही सगळी फुले खोलीतच आहेत.

निसर्गचित्राची गोष्ट वेगळी. तिथे चित्रकार बाहेर पडू लागले होते. फोंतेनब्लो जंगलाच्या कडेला बार्बिझों गावी तेओदोर रूसो आणि त्याचे सोबती राहिले. कोरो उघड्यावर बसून छोटी अभ्यासचित्रे करत असे. दोबिन्यीने १८५७ मध्ये एक होडीच चित्रशाळा म्हणून सज्ज केली आणि तो नद्यांवरून फिरू लागला. पण बाहेर केलेले काम ही कच्ची सामग्री, खरे चित्र चित्रशाळेतच पूर्ण व्हायचे, अशीच बहुतेकांची समजूत होती. ही समजूत ढिली होण्यामागे काही अगदी व्यावहारिक कारणे आहेत. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने तैलरंगासाठी कथिलाच्या नळीचे पेटंट घेतले. त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावे लागत. रसायनशाळांतून नवे हिरवे, निळे, जांभळे रंग येऊ लागले. रेल्वेमुळे पॅरिसहून सीन नदीकाठच्या गावांत सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येऊ लागले. गोबेलँ इथल्या रंगविभागाचा प्रमुख शव्हरल याने १८३९ मध्येच दाखवून दिले होते की शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात. लाल शेजारी असला की हिरवा अधिक हिरवा दिसतो. या सगळ्यांतून दृक्प्रत्ययवाद, म्हणजे इम्प्रेशनिझम, आपोआप जन्मला, असे मात्र मी म्हणणार नाही. साधने हाताशी असणे वेगळे आणि त्यांनी काय करायचे हे सुचणे वेगळे.

मोनेचा जन्म १४ नोव्हेंबर १८४० चा, पॅरिसमधला. पण तो वाढला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, ल हाव्र बंदरात. शाळकरी वयात तो गावातल्या लोकांची व्यंगचित्रे काढून विकत असे आणि त्यात त्याला बरे पैसे मिळत. त्याला उघड्यावर नेऊन बसवले ते यूजेन बूदँने. आकाश आणि समुद्रकिनारे रंगवणारा हा विनम्र माणूस नसता, तर मोने व्यंगचित्रकारच राहिला असता का, कोण जाणे. नंतर अल्जीरियातली लष्करी नोकरी, तिथला आजार, डच चित्रकार योंकिंडची भेट आणि १८६२ मध्ये पॅरिसला ग्लेरच्या चित्रशाळेत प्रवेश. तिथे रन्वार, सिसले आणि बाझीय भेटले.

१८६६ च्या उन्हाळ्यात मोनेने अडीच मीटर उंचीचा कॅनव्हास बागेत उभा केला. ‘बागेतल्या स्त्रिया’ हे ते चित्र. एवढ्या उंच चित्राचा वरचा भाग रंगवायचा तर शिडीवर चढावे लागते आणि मग नजरेची पातळी बदलते. मोनेला ते मान्य नव्हते. त्याने जमिनीत चर खणला आणि कप्पी लावून कॅनव्हास त्यात खालीवर सोडण्याची सोय केली. चित्रात पांढऱ्या पोशाखातल्या स्त्रिया फुलझाडांभोवती आहेत. पांढऱ्या कापडावर पडलेली सावली काळपट नाही. ती निळसर-जांभळी आहे. १८६७ च्या सालाँने चित्र नाकारले. बाझीयने ते २५०० फ्रँकला घेतले आणि मित्राला दरमहा ५० फ्रँकचे हप्ते दिले. तोच बाझीय १८७० च्या नोव्हेंबरमध्ये प्रशियाविरुद्धच्या लढाईत मारला गेला. १९२१ मध्ये हे नाकारलेले चित्र फ्रेंच सरकारने दोन लाख फ्रँकला विकत घेतले. इतिहासचित्राच्या मापाचा कॅनव्हास आणि विषय मात्र बाग, एवढ्यावरून त्या तरुणाला काय साधायचे होते ते उघड होते.

युद्धकाळात मोने लंडनला गेला. तिथे पॉल द्यूराँ-रुएल हा चित्रविक्रेता भेटला. दृक्प्रत्ययवादी चित्रकारांची चूल पुढे पेटती राहिली त्यात या माणसाचा वाटा मोठा आहे. परतल्यावर मोने आर्झांतॉय इथे राहिला, दोबिन्यीसारखीच होडीतली चित्रशाळा केली आणि १५ एप्रिल १८७४ रोजी छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत मित्रांबरोबर ते प्रसिद्ध प्रदर्शन भरवले. ‘दृक्प्रत्यय, सूर्योदय’ या चित्रावरून लुई लरुआ या पत्रकाराने टिंगल केली आणि टिंगलीतून संप्रदायाला नाव मिळाले. ही हकीकत सर्वश्रुत आहे. १८८६ पर्यंत अशी आठ प्रदर्शने झाली. या गटाला ‘संप्रदाय’ म्हणताना जरा जपून म्हटले पाहिजे. देगाला उघड्यावर चित्र काढण्याचा तिटकारा होता. पिसारोचे लक्ष शेतात राबणाऱ्या माणसांवर. सिसले नदी, पूर आणि बर्फ यांना अखेरपर्यंत धरून राहिला. बेर्त मोरिसोच्या बागेत मुलगी असते, दाई असते, घरातला वेळ असतो. गुस्ताव्ह कायबोत हा या सगळ्यांत श्रीमंत. तो स्वतः चित्रे काढी, मित्रांची विकत घेई आणि पती-जेनव्हिलिए इथल्या बागेत शेवंती आणि ऑर्किड वाढवी. मोनेशी त्याचा पत्रव्यवहार रोपांविषयीही चाले. १८९४ मध्ये तो ४५ व्या वर्षी गेला. त्याने सरकारला ठेवलेला संग्रह घ्यावा की नाही यावर वर्षानुवर्षे वाद झाला आणि शेवटी त्यातला काही भागच स्वीकारला गेला.

१८७३ मधले ‘पॉपी’चे शेत आठवा. उतारावर लाल ठिपके पसरलेले आहेत. जवळ गेले तर ती फुले नाहीत, नुसते रंगाचे थेंब आहेत, आणि काही तर दूरच्या माणसाच्या डोक्याहून मोठे. एकाही पॉपीला पाकळी नाही, तरी ते शेत पॉपीचेच आहे याविषयी कोणाला शंका येत नाही. डच चित्रकाराने एका फुलावर महिनाभर घालवला असता. मोनेने शेकडो फुले एका उतारात सोडून दिली. फुलाचे आता निसर्गचित्र झाले होते.

यानंतरची वर्षे कठीण होती. चित्रे घेणारा उद्योजक एर्नेस्त ओशदे १८७७ मध्ये दिवाळखोर झाला. त्याची पत्नी आलिस, तिची सहा मुले, मोने, पत्नी कामीय आणि त्यांची दोन मुले असा मोठा गोतावळा व्हेतॉय या गावी एका घरात राहू लागला. ५ सप्टेंबर १८७९ रोजी कामीय बत्तिसाव्या वर्षी वारली. मोनेने तिला मृत्युशय्येवर रंगवले आणि तिच्या चेहऱ्यावर उतरत गेलेल्या निळ्या, पिवळ्या, करड्या छटा आपण न कळत टिपत होतो, असे पुढे वृद्धापकाळी मित्र क्लेमांसोला सांगितले. या प्रसंगावरून त्याला निष्ठुर ठरवणारे आहेत. ते चित्र पाहून मला तसे वाटले नाही. त्या फटकाऱ्यांत हात थरथरतो आहे. पण कामीयविषयी फार थोडे कागद उरले आहेत आणि तिच्या बाजूने ही कथा सांगणारे कोणी नाही, ही खंत मोनेवर लिहिणाऱ्याने बाळगलीच पाहिजे.

व्हेतॉयमध्येच मोनेने मोठ्या संख्येने फुलदाणीतली फुले रंगवली. पाऊस असला, थंडी असली की बाहेर बसता येत नसे. शिवाय अशा चित्रांना गिऱ्हाईकही लवकर मिळे. सूर्यफुले, शेवंती, डेलिया, मॅलो. त्यातली १८८१ ची सूर्यफुले पुढे गोगँने पाहिली आणि आपल्याला मोनेपेक्षा व्हॅन गॉगची सूर्यफुले आवडतात असे त्याने व्हॅन गॉगलाच सांगितले. व्हॅन गॉगने ते संकोचून पत्रात कळवले आहे. ही वस्तुचित्रे मोनेच्या कामातला बाजूचा धंदा म्हणून वगळण्याचा प्रघात आहे. मला तो चुकीचा वाटतो. शेवंतीच्या चित्रांत पाकळी आणि फटकारा एकरूप होतात. एक पाकळी, कुंचल्याचा एक वळसा. द्यूराँ-रुएलच्या दिवाणखान्याच्या दारांसाठी १८८२ ते १८८५ दरम्यान त्याने फळाफुलांचे पॅनेल रंगवून दिले. खोलीच्या चारी बाजूंनी फुले असावीत ही कल्पना इथे पहिल्यांदा प्रत्यक्षात आली, आणि चाळीस वर्षांनी ती ओरांजरीत परतली.

त्याच गावातले ‘व्हेतॉयची बाग’ हे १८८१ चे चित्र जरा जवळून पाहू. आता ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. खालून एक वाट पायऱ्यांकडे जाते आणि पायऱ्या घराकडे चढतात. दोन्ही बाजूंना सूर्यफुलांच्या भिंती, माणसाच्या दुप्पट उंच. वाटेवर छोटा मुलगा खेळण्यातली गाडी घेऊन उभा आहे. मागे पायऱ्यांवर आणखी माणसे. कडेला निळ्या-पांढऱ्या कुंड्या. या कुंड्या मोनेच्या स्वतःच्या. भाड्याचे घर बदलले की त्या बरोबर जात, म्हणून अनेक चित्रांत त्या भेटतात. वाटेवरची सावली पाहा. सपाट पट्टा कुठेच नाही. निळा, जांभळा, थोडा गुलाबी यांचे तुकडे. चित्राचा बहुतेक पृष्ठभाग पाने आणि फुलांनी व्यापला आहे. आकाश वर उरले आहे, पण दूरचे दृश्य जवळजवळ नाही. नजर क्षितिजाकडे न जाता वर चढते. बाग हीच भिंत झाली आहे. हे घर त्याच्या मालकीचे नव्हते. दुसऱ्याच्या जमिनीवर एवढी बाग लावणारा माणूस पुढे काय करणार, याची चाहूल या चित्रात आहे.

एप्रिल १८८३ च्या अखेरीस मोने झिव्हर्नीला राहायला आला. त्याच दिवसांत मानेचे निधन झाले आणि मोने त्याच्या अंत्ययात्रेला खांदा द्यायला पॅरिसला गेला. झिव्हर्नीचे घर १८९० मध्ये २२ हजार फ्रँकला त्याने विकत घेतले. १८९३ मध्ये रेल्वेरुळांपलीकडची जमीन घेतली आणि एप्त नदीच्या फाट्यातून पाणी वळवून तळे करायची परवानगी मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली. परदेशी वनस्पतींनी पाणी दूषित होईल, गुरे ते पिणार, अशी त्यांना भीती होती. मोनेने जिल्ह्याच्या प्रमुखाकडे दाद मागितली आणि परवानगी मिळवली. तळ्यात लावलेल्या रंगीत कुमुदिनीही नव्या जमान्याच्या. लातूर-मार्लियाक या रोपवाटिकाकाराने उष्ण प्रदेशातल्या रंगीत जातींशी संकर करून थंडीत तग धरणारी गुलाबी, पिवळी, लाल कुमुदिनी तयार केली होती आणि १८८९ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली होती. मोनेच्या तरुणपणी ही फुले युरोपच्या उघड्या तळ्यात कुठे दिसलीच नसती. तळ्यावर जपानी धाटणीचा पूल बांधला. त्याच्याकडे दोनशेहून अधिक जपानी मुद्राचित्रांचा संग्रह होता आणि होकुसाई, हिरोशिगे यांनी त्याला शिकवले ते घरच्या भिंतीवरून. पुढे बागेसाठी अर्धा डझन माळी होते. त्यातला एक होडीत बसून तळ्याची निगा राखी. रस्त्यावरच्या मोटारींची धूळ कुमुदिनींवर बसू लागली, तेव्हा मोनेने स्वतःच्या खर्चाने रस्त्यावर डांबर टाकून घेतले.

म्हणून ‘निसर्गाचा निरागस निरीक्षक’ हे वर्णन मी बाजूला ठेवतो. १८८९ मध्ये क्रझ नदीच्या खोऱ्यात तो हिवाळ्यातले ओकचे झाड रंगवत होता. पाऊस लांबला, काम रेंगाळले, मे उजाडला आणि झाडाला पालवी फुटली. मोनेने झाडाच्या मालकाला पैसे देऊन सगळी पाने खुडवून घेतली आणि चित्र पूर्ण केले. दोन वर्षांनी पॉपलरची रांग तोडायला निघाली, तेव्हा लाकूडव्यापाऱ्याशी बोलून, पैसे भरून, चित्रे होईपर्यंत ती उभी ठेवली. गवताच्या गंजी, पॉपलर, रुआँचे कॅथेड्रल या मालिकांत तो एका वेळी अनेक कॅनव्हास घेऊन जाई आणि ऊन सरकले की पुढचा कॅनव्हास घेई. शिवाय यातले बरेच काम नंतर चित्रशाळेत महिनोन्महिने चाले, जरी आपल्याला चित्रशाळा नाहीच असे सांगायला त्याला आवडे. मोने म्हणजे केवळ एक डोळा, असे मत सेझानच्या नावावर सांगितले जाते. त्या डोळ्यामागे कुदळ होती, हिशेबवही होती आणि कोणाचे न ऐकणारी इच्छाशक्ती होती.

१९०९ मध्ये त्याने कुमुदिनींची ४८ चित्रे मांडली आणि त्यांना पाण्याची निसर्गचित्रे म्हटले. त्याआधीच्या वर्षी न पटलेले कित्येक कॅनव्हास त्याने नष्ट केले होते. या चित्रांत काठ नाही. वर आकाश नाही, पण पाण्यात आहे. फुले तरंगतात ती ढगांवर. वर-खाली, जवळ-दूर हे निसर्गचित्राचे जुने आधार निघून गेले. मग १९११ मध्ये त्याची दुसरी पत्नी झालेली आलिस गेली, १९१४ मध्ये मोठा मुलगा झाँ. मधल्या काळात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. सून आणि सावत्र मुलगी असलेली, स्वतः चित्रकार असलेली ब्लांश सोबतीला राहिली. महायुद्ध चालू असताना सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने नवी प्रचंड चित्रशाळा बांधली आणि मोठे पट्ट सुरू केले. युद्धबंदीच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ रोजी, त्याने पंतप्रधान असलेल्या मित्राला, क्लेमांसोला, दोन पट्ट राष्ट्राला देऊ केले. दोनाचे बावीस झाले. १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षांतल्या तांबड्या-तपकिरी चित्रांचे खापर काही अभ्यासक सरसकट मोतीबिंदूवर फोडतात. दृष्टी अधू झाली होती हे खरेच, पण रंगांची मांडणी नळ्यांवरच्या नावांवरून आणि साठ वर्षांच्या सरावाने करणारा माणूस आपण काय करतो आहोत हे ओळखून होता. ५ डिसेंबर १९२६ रोजी तो गेला.

मरणोत्तर काही दशके या अखेरच्या कामाकडे फारसे कोणी फिरकले नाही. घनवाद, अतिवास्तववाद यांच्या काळात कुमुदिनी जुन्या वाटत होत्या. १९५० नंतर न्यूयॉर्कच्या अमूर्त चित्रकारांनी आणि संग्रहालयांनी त्या नव्याने पाहिल्या. दृक्प्रत्ययवादाच्या शाखा तोवर दूरवर पसरल्या होत्या. सरा आणि सिन्याक यांनी फटकाऱ्याचा शास्त्रशुद्ध ठिपका केला. अमेरिकेत चाइल्ड हॅसमने कवयित्री सीलिया थॅक्स्टरची समुद्रबेटावरची बाग रंगवली. बर्लिनजवळ वान्झे इथे माक्स लिबरमानने, माद्रिदमध्ये सोरोयाने आपापली बाग चित्रांत आणली. व्हिएन्नात ओल्गा विसिंगर-फ्लोरियान या पूर्वाश्रमीच्या पियानोवादक स्त्रीने रानफुलांनी भरलेल्या पायवाटा रंगवल्या. तिच्यावर स्वतंत्र पुस्तक हवे.

आपल्याकडे ही दृष्टी पोहोचली ती थेट नव्हे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये ब्रिटिश अकादमीची शिस्त होती. मोकळ्या फटकाऱ्यांचे, उघड्यावरचे निसर्गचित्रण रुजले ते इंदूरला, द. दा. देवळालीकर यांच्या कलाशाळेत. ना. श्री. बेंद्रे तिथलेच विद्यार्थी, आणि त्यांच्या सुरुवातीच्या निसर्गचित्रांत हा संस्कार दिसतो.

मोने आज का वाचायचा? २०१९ मध्ये त्याची एक गवताची गंजी ११ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली, हे त्याचे कारण नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टर्नर आणि मोने यांची चित्रे हवेतल्या प्रदूषणाच्या संदर्भात तपासली गेली. कोळशाचा धूर वाढत गेला तसतशा चित्रांतल्या बाह्यरेषा धूसर होत गेल्याचे त्यात दिसले. मोनेच्या लंडनच्या चित्रांतले धुके काही अंशी गिरण्यांचा आणि चुलींचा धूर होता. हवा, पाणी, प्रकाश यांच्याकडे इतक्या निष्ठेने पाहिले की चित्रात काळाची नोंद होते, मग चित्रकाराला ती करायची असो वा नसो. शिवाय झिव्हर्नीची बाग मुळात निसर्ग नव्हेच. वळवलेले पाणी, आयात रोपे, पगारी माळी यांच्यावर ती उभी होती. आपण जपतो तो निसर्ग किती आपणच घडवलेला असतो, हा प्रश्न आजच्या वाचकाला मोनेकडून थेट मिळतो.

या पुस्तकाची मांडणी म्हणून मोनेच्या पत्त्यांप्रमाणे केली आहे. ल हाव्रपासून झिव्हर्नीपर्यंत प्रत्येक ठिकाणी त्याच्यासमोर कोणती जमीन होती, कोणते पाणी होते, घरात किती माणसे आणि किती पैसे होते, काय लावले आणि काय रंगवले, हे एकत्र ठेवून पाहण्याचा प्रयत्न आहे. रंगतंत्राची चर्चा चित्र समोर असेल तिथेच केली आहे. समकालीनांच्या स्तुतीतला भक्तिभाव, विशेषतः क्लेमांसोचा, पारखून घेतला आहे. मोनेचे प्रत्येक चित्र थोर आहे असा माझा दावा नाही. घाईने, पैशासाठी केलेली कामे त्याच्याकडे बरीच आहेत, आणि जिथे तसे वाटले तिथे ते लिहिले आहे.

छापील पानावर दोन मीटरचा पट्ट तळहाताएवढा होतो आणि फटकारा दिसेनासा होतो. वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन, शिकागोचे आर्ट इन्स्टिट्यूट यांनी आपापल्या संकेतस्थळांवर मोनेची बरीच चित्रे मोठ्या आकारात विनामूल्य ठेवली आहेत. वाचकाने ती उघडून, मोठी करून, फटकाऱ्यापर्यंत जाऊन पाहावीत आणि माझे म्हणणे तिथे टिकत नसेल तर चित्रावर विश्वास ठेवावा, ही विनंती.